साडेपाच तासांचा हिशेब: टाइम झोन कसे ठरतात आणि कुठे फसवतात

प्रश्न असा आहे: मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्याशी बोलायची वेळ मार्चमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये तासाभराने सरकते. पृथ्वी १५ अंश फिरली की एक तास होतो असं शाळेत शिकलो, मग भारताच्या वाट्याला साडेपाच हा अर्धवट आकडा का आला? टाइम झोन ठरवतं कोण? सगळ्या देशांचा एक तक्ता मिळाला तर पाठ करून ठेवेन.

तक्ता पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका, सहा महिन्यांत तो चुकायला लागेल. तुम्ही शाळेत शिकलात ते खरंच आहे, पण ते सूर्याबद्दल आहे. घड्याळ सूर्यावर चालत नाही, ते सरकारच्या आदेशावर चालतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की गोंधळ सुरू होतो.

आधी सूर्याचं बघू. ३६० अंशांना २४ तास, म्हणजे १५ अंशांना एक तास आणि एका अंशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७२.८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याला चारने गुणलं की २९१ मिनिटं येतात, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या इतकी पुढे. नागपूर ७९.०९ अंशांवर, म्हणून तिथला आकडा ५ तास १६ मिनिटं. मुंबई आणि नागपूर यांच्यात २५ मिनिटांचा फरक आजही आहेच, फक्त तो घड्याळात दिसत नाही.

बघायचाच असेल तर गच्चीवर एक काठी ओळंब्यात उभी करा. तिची सावली दिवसात सर्वांत आखूड होते तो क्षण म्हणजे तुमच्या गावचं खरं माध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताची आहे. मुंबई त्याच्या ९.६७ अंश पश्चिमेला, म्हणून मुंबईत हे माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी होतं, नागपुरात १२ वाजून १४ मिनिटांनी. सरासरी म्हणायचं कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे. म्हणून मुंबईत ३ नोव्हेंबरच्या सुमारास काठीची सावली १२:२२ ला आखूड होते, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२:५३ ला. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान असूनही मुंबईत सूर्योदय सर्वांत उशिरा जानेवारीत होतो, त्यामागे हेच कारण आहे.

रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गाव आपापल्या सूर्याप्रमाणे चालायचं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पुण्याची वेळ मुंबईच्या चार मिनिटं पुढे असली तर बैलगाडीला काय फरक पडतो? पण रेल्वेचं वेळापत्रक छापायचं म्हटलं की प्रत्येक स्टेशनला कुठली वेळ लावायची हा प्रश्न येतो. शिवाय एकाच रुळावरून समोरासमोर दोन गाड्या सोडायच्या असतील तर दोन्ही स्टेशन मास्तरांच्या घड्याळात एकच वेळ असणं हा जिवाचा प्रश्न होतो. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या मार्गावर लंडनची वेळ लावली. बाकीच्या कंपन्यांनी पुढच्या काही वर्षांत तेच केलं. देशाच्या कायद्यात ती वेळ यायला १८८० उजाडलं. अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांच्या पन्नासहून जास्त वेगवेगळ्या वेळा होत्या. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कंपन्यांनीच मिळून देशाचे पट्टे पाडले, आणि सरकारने त्याला कायद्याचं रूप दिलं ते १९१८ साली. टाइम झोनची सुरुवात अशी वेळापत्रकातून झाली, कुठल्या शास्त्रज्ञांच्या सभेतून नव्हे.

तशी एक परिषद झाली होती, पण तिच्याबद्दल चुकीचं सांगितलं जातं. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश जमले. त्यांनी ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरवलं, कारण जगातल्या बहुतेक जहाजांचे नकाशे आधीच ग्रिनिचवरून आखलेले होते. जगाचे २४ पट्टे पाडून त्या परिषदेने देशांना वाटून दिले, हे मात्र खरं नाही. पट्टा कुठला घ्यायचा हे प्रत्येक देशाने पुढे आपल्या सोयीने आणि आपल्या तोऱ्यात ठरवलं. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि १९११ पर्यंत पॅरिसच्याच वेळेवर चालला. शेवटी कायदा केला तोसुद्धा असा, की फ्रान्सची वेळ म्हणजे ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे’. म्हणजे ग्रिनिचचीच वेळ, पण ग्रिनिचचं नाव न घेता!

आता आपला साडेपाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात मुख्य वेळा तीन होत्या: मुंबई टाइम (ग्रिनिच अधिक ४:५१), मद्रास टाइम (अधिक ५:२१) आणि कलकत्ता टाइम (अधिक ५:५३). मद्रासला वेधशाळा होती आणि ती वेळ मुंबई-कलकत्त्याच्या मधली होती, म्हणून रेल्वेने मद्रास टाइम धरला. मुंबईकराला गाडी पकडायची तर शहराच्या घड्याळात अर्धा तास मिळवावा लागे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईत सरकारी कामाला मद्रास टाइम लावून पाहिला, पण लोकांनी तो चालू दिला नाही.

देशाची एकच वेळ करायची ठरली तेव्हा दोन गोष्टी जुळवायच्या होत्या. रेखावृत्त देशाच्या साधारण मध्यावर हवं आणि ग्रिनिचपासूनचा फरक हिशेबाला सोपा हवा. भारताची मुख्य भूमी ६८ अंश ७ मिनिटं ते ९७ अंश २५ मिनिटं एवढी पसरली आहे. तिचा मध्य ८२ अंश ४६ मिनिटांवर येतो. पूर्ण पाच तास घेतले तर रेखावृत्त ७५ अंशांवर येतं, म्हणजे कोल्हापूर-जळगावच्या पट्ट्यात, आणि आसाम उघड्यावर पडतो. सहा तास घेतले तर ते ९० अंशांवर, आजच्या बांगलादेशात जातं आणि मुंबई-कराची मागे राहतात. साडेपाच घेतले की ८२ अंश ३० मिनिटं मिळतात, मध्यापासून पाव अंश इकडेतिकडे. त्यामुळे साडेपाच हा आकडा अर्धवट दिसला तरी त्या जागी तोच सर्वांत नेमका होता. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि खाली आंध्रात काकीनाड्याच्या आसपास समुद्राला मिळते. रेल्वेने जुलै १९०५ पासून आणि सरकारने १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ धरली.

मुंबईने ती सहजासहजी घेतली नाही. नवी वेळ म्हणजे घड्याळ ३९ मिनिटं पुढे. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार आणि अंधारात घर सोडावं लागणार. जानेवारी १९०६ मध्ये त्यावरून गिरणीत काम बंद पडलं. महापालिकेनेही काही महिन्यांतच नव्या वेळेकडे पाठ फिरवली आणि ती पुन्हा मुंबई टाइमवर आली, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात दोन वेळा नांदत होत्या. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ ला सोडली. या इतिहासाचा आजही एक व्यावहारिक त्रास होतो, त्याकडे शेवटी येतो.

झोन कोण ठरवतं, याचं उत्तर एवढ्यात आलंच आहे: ज्या त्या देशाचं सरकार. परवानगी देणारी किंवा नाकारणारी आंतरराष्ट्रीय संस्था नाही. म्हणून नकाशावर झोनच्या रेषा इतक्या वेड्यावाकड्या दिसतात. नेपाळने १९८६ पासून गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्ताची वेळ धरली, ग्रिनिच अधिक ५:४५. रक्सौलहून बीरगंजला पाय टाकला की घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. श्रीलंकेने १९९६ साली एका वर्षात दोनदा वेळ बदलली आणि २००६ मध्ये परत आपल्या साडेपाचवर आली. उत्तर कोरियाने २०१५ साली अर्धा तास मागे घेतला आणि २०१८ साली पुन्हा जोडला. स्पेन भूगोलाने लंडनच्या बरोबरीचा, पण १९४० पासून जर्मनीच्या वेळेवर आहे. माद्रिदला उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर यायला सव्वादोन वाजतात.

सर्वांत बोलकं उदाहरण चीनचं. एवढा मोठा देश, पण १९४९ पासून सगळीकडे बीजिंगची एकच वेळ, अधिक ८ तास. पश्चिम टोकाचं काशगर शहर ७६ अंशांवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या जळगावच्या रेषेत. दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच क्षणी माथ्यावर येतो. त्या क्षणी जळगावच्या घड्याळात १२:२८ वाजलेले असतात आणि काशगरच्या सरकारी घड्याळात तीन वाजायला आलेले. तिथले स्थानिक लोक म्हणूनच दोन तास मागची अनौपचारिक वेळ वापरतात आणि भेट ठरवताना कुठल्या घड्याळाने ते आधी विचारावं लागतं. अफगाणिस्तानातून वाखानच्या बाजूने चीनची हद्द ओलांडली तर घड्याळ एकदम साडेतीन तास पुढे जातं.

मग भारतात दोन झोन का नाहीत? देशाचा पसारा २९ अंशांचा आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम टोकांत जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. ईशान्येत उन्हाळ्यात पहाटे साडेचार-पाचच्या आत लख्ख उजाडतं आणि ऑफिस दहाला उघडतं. आसामातले चहामळे इंग्रजांच्या काळापासून ‘बागान टाइम’ पाळतात, प्रमाणवेळेपेक्षा एक तास पुढे. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने, म्हणजे देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या संस्थेनेच, दुसरा झोन शक्य असल्याचं मांडलं: ईशान्येसाठी अधिक ६:३०, आणि सीमा ८९ अंश ५२ मिनिटांवर, पश्चिम बंगाल-आसामच्या हद्दीला धरून. जागा अशी निवडली की रेल्वेने झोन ओलांडायची ठिकाणं अगदी मोजकी, न्यू कूचबिहार-अलीपूरद्वारच्या पट्ट्यात राहावीत. सरकारने ते स्वीकारलेलं नाही. माझ्या मते अडचण रेल्वेची कमी आणि बाकीच्या व्यवहाराची जास्त आहे. बँका, परीक्षा, न्यायालयं, रात्री बाराला संपणाऱ्या मुदती, या सगळ्यांवर ‘कुठल्या बाराला?’ असं लिहावं लागेल. ईशान्येतल्या कचेऱ्या आणि शाळा तासभर आधी उघडल्या तरी उजेडाचा बराच फायदा पदरात पडतो, आणि त्यासाठी घड्याळाला हात लावावा लागत नाही.

आता तुमच्या मुलीच्या फोनकडे येऊ. ती वेळ सरकते ती डेलाइट सेव्हिंगमुळे. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो, तो संध्याकाळकडे ढकलायचा, म्हणून घड्याळ तासभर पुढे करायचं. देशभर हे प्रथम जर्मनीने १९१६ साली, महायुद्धात कोळसा वाचवायला केलं. विषुववृत्ताजवळ त्याचा उपयोग नाही. मुंबईत सर्वांत लहान दिवस ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनला हेच आकडे जेमतेम ८ आणि साडेसोळा आहेत. ढकलायला उजेड तिथे आहे, आपल्याकडे नाही.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. दोन्ही वेळा तिथल्या पहाटे दोन वाजता. न्यू जर्सीच्या पहाटेचे हे दोन आपल्याकडे रविवारी दुपारी वाजतात, मार्चमध्ये साडेबाराला आणि नोव्हेंबरात साडेअकराला. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या १०:३० तास मागे, उन्हाळ्यात ९:३० तास. मुलगी रोज तिच्या सकाळी साडेनऊला फोन करत असेल तर तुमच्याकडे तो हिवाळ्यात रात्री आठला वाजेल आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातला. कॅलिफोर्निया असेल तर १३:३० आणि १२:३०. अॅरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलत नाही, तिथे बारमाही १२:३०.

युरोपातले बहुतेक देश आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हे सगळे देश एकाच क्षणी बदलतात, आपल्या सकाळी साडेसहाला. तारखा अमेरिकेशी जुळत नाहीत, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन-न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार होतो. पुणे-लंडन-न्यूयॉर्क अशा तिहेरी बैठका दर वर्षी नेमक्या याच आठवड्यांत कोलमडतात. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात, तिथे सगळं उलटं: सिडनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत आपल्या ५:३० पुढे, बाकीचे महिने ४:३०. त्याच किनाऱ्यावरचं ब्रिस्बेन मात्र बदलत नाही. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे. ही तिन्ही वर्षभर स्थिर. बेने इस्रायली नातेवाईक इस्रायलमध्ये असतील तर हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे, आणि तिथलं घड्याळ युरोपच्या दोन दिवस आधी, शुक्रवारीच पुढे जातं.

लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे. काट्यांचं घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. भारतात ३:१५ वाजले असतील तर उलट्या घड्याळात काटे ९:४५ दाखवतात, आणि लंडनची हिवाळी वेळ तीच. यात तासकाटा खऱ्या जागेपेक्षा अर्धा तास मागे दिसतो, त्यामुळे पाहिलेल्या मिनिटांना शोभेल असा पुढचा तास धरायचा. उन्हाळ्यात वर एक तास मिळवायचा.

फोनचं घड्याळ हे सगळं कसं जाणतं? जगातल्या सगळ्या झोनच्या आजवरच्या बदलांची एक सार्वजनिक नोंदवही आहे, तिला टाइम झोन डेटाबेस म्हणतात. तिच्यात झोनची नावं खंड आणि शहर अशी असतात. आपला ‘आशिया/कोलकाता’. मुंबई किंवा दिल्ली नाही म्हणून रुसायचं कारण नाही, शहर तिथे फक्त ओळखखूण आहे. एखाद्या देशाने नियम बदलला की ही नोंदवही सुधारते आणि सॉफ्टवेअर अपडेटबरोबर तुमच्यापर्यंत येते. अडचण होते ती सरकारं ऐनवेळी निर्णय घेतात तेव्हा. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने घड्याळ पुढे करायच्या दोन-तीन दिवस आधी ते लांबणीवर टाकलं. काही संस्थांनी आदेश पाळला, काहींनी नाही, एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या, आणि सरकारने काही दिवसांतच निर्णय फिरवला. मेक्सिकोने २०२२ साली बहुतेक भागात ही पद्धत बंदच केली, इजिप्तने २०२३ साली ती पुन्हा आणली. मोरोक्को वर्षभर एक तास पुढे असतो आणि फक्त रमजानात मागे येतो. तुमचा पाठ केलेला तक्ता यात कुठे टिकणार?

कामाची पद्धत सांगतो. फरक काढायचा तर सगळं आधी यूटीसीत आणा. यूटीसी म्हणजे अणुघड्याळांवर चालणारी जागतिक वेळ, रोजच्या कामापुरती ग्रिनिचचीच समजा. विमानवाहतूक आणि हवामानखातं पूर्ण त्यावरच चालतं. आपल्याकडे पावसाची २४ तासांची मोजणी सकाळी साडेआठला का संपते? कारण तेव्हा यूटीसीत बरोबर तीन वाजतात आणि जगभरच्या वेधशाळा त्याच क्षणी नोंद करतात.

विमानाचं उदाहरण घ्या. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या विमानतळाच्या स्थानिक असतात. समजा १० जानेवारीला पहाटे १:३० ला मुंबई सोडून त्याच तारखेला सकाळी ६:३० ला न्यूअर्क असं छापलंय. बघणाऱ्याला प्रवास पाच तासांचा वाटेल. मुंबईच्या १:३० मधून साडेपाच वजा केले की ९ तारखेचे रात्रीचे ८ यूटीसी. न्यूअर्कच्या ६:३० मध्ये हिवाळ्याचे पाच मिळवले की १० तारखेचे ११:३० यूटीसी. प्रवास साडेपंधरा तास. याच तिकिटात सर्वांत महागात पडणारी चूकही आहे: १० तारखेचं पहाटे १:३० चं विमान म्हणजे विमानतळावर ९ तारखेच्या रात्री हजर व्हायचं. एक दिवस उशिरा बॅगा घेऊन पोहोचणारे प्रवासी याच कारणाने फसतात.

बैठक ठरवताना संक्षेप वापरू नका. आयएसटी म्हणजे भारत, आयर्लंड आणि इस्रायल, तिघांचीही वेळ. सीएसटी म्हणजे शिकागोही आणि चीनही. ईएसटी ही फक्त हिवाळ्याची वेळ, उन्हाळ्यात तिचं नाव ईडीटी असतं. तरी लोक जुलैतही ईएसटी लिहितात आणि वाचणाऱ्याने ते शब्दशः घेतलं की तास चुकतो. त्यापेक्षा ‘मंगळवार १५ जुलै, न्यूयॉर्क सकाळी १०, पुणे संध्याकाळी ७:३०’ असं दोन्ही शहरं आणि वार घालून लिहा. वार महत्त्वाचा, कारण पुण्याचा मंगळवार सकाळ हा कॅलिफोर्नियाचा सोमवार असतो. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची बैठक टाकताना ती कोणाच्या शहराला बांधली आहे ते बघा. न्यूयॉर्कला बांधली असेल तर मार्चमध्ये पुणेकराचा तास सरकेल, पुण्याला बांधली असेल तर न्यूयॉर्ककराचा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ‘सगळं यूटीसीत साठवा’ हा सल्ला घडून गेलेल्या घटनांना लागू पडतो. पुढच्या वर्षीची डॉक्टरची वेळ यूटीसीत साठवली आणि दरम्यान त्या देशाने नियम बदलला तर रुग्ण तासभर चुकेल. पुढची वेळ स्थानिक घड्याळ आणि झोनचं नाव अशी साठवा, नुसता अधिक-उणे आकडा नको. आणि न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या त्या रविवारी पहाटे २:३० वाजतच नाहीत, नोव्हेंबरात १:३० दोनदा वाजतात, हे तपासल्याशिवाय रात्रीची आपोआप चालणारी कामं त्या तासात लावू नका. भारतात बसून लिहिणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण आपल्या घड्याळाने दुसऱ्या महायुद्धानंतर अशी उडी मारलेली नाही.

तारखेचं थोडक्यात. सर्वांत पुढची वेळ किरिबातीच्या लाइन बेटांची, अधिक १४, आणि सर्वांत मागची उणे १२, म्हणजे एकूण पसारा २६ तासांचा. त्यामुळे आपल्या दुपारी साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत जगात एकाच वेळी तीन तारखा चालू असतात. आंतरराष्ट्रीय वाररेषाही देशांच्या मर्जीने वळते. किरिबातीने १९९५ च्या तोंडावर पूर्वेकडच्या बेटांवरचा एक दिवस गाळला, आणि सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार जुळावा म्हणून २०११ सालचा ३० डिसेंबर, शुक्रवार, पाहिलाच नाही.

याच तारखेच्या गणितामुळे मुलीकडे एकादशी वेगळ्या दिवशी येऊ शकते. तिथीची सुरुवात आणि शेवट हा सगळ्या जगासाठी एकच क्षण असतो, पण दिवस ठरतो स्थानिक सूर्योदयाला कुठली तिथी आहे त्यावरून. समजा जानेवारीत एकादशी भारतात १४ तारखेला सकाळी ९ ला लागली आणि १५ ला सकाळी ८:१० ला संपली. आपल्याकडे १४ च्या सूर्योदयाला दशमी होती, १५ ला एकादशी, म्हणून १५ धरायची. हीच एकादशी न्यू जर्सीत १३ तारखेला रात्री १०:३० ला लागते आणि १४ ला रात्री ९:४० ला संपते. तिथे सूर्योदय मिळतो तो १४ चा. इथलं पंचांग बघून तिने १५ ला उपास केला तर तिच्याकडे तो द्वादशीला पडतो. मुंबईच्या वेळा छापलेलं पंचांग परदेशी वापरताना वेळेत नुसते साडेदहा तास वजा करून भागत नाही, सूर्योदय तिथलाच घ्यावा लागतो.

आणि मघाशी म्हटलेला जुना त्रास जन्मवेळेचा. घरातल्या ज्येष्ठांची जन्मवेळ १९०६ ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची आणि जन्म मुंबईचा असेल तर ती मुंबई टाइममध्ये लिहिली आहे की प्रमाणवेळेत, हे आधी ठरवावं लागतं. मुंबई टाइम असेल तर ३९ मिनिटं मिळवा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे, म्हणजे अधिक ६:३० होतं. त्या काळातली वेळ सरकारी घड्याळाची असेल तर आजच्या प्रमाणवेळेत आणायला एक तास वजा करा. मुंबई टाइमची असेल तर नेहमीप्रमाणे ३९ मिनिटं मिळवा. दोन्हींत १ तास ३९ मिनिटांचा फरक पडतो. लग्न रास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे पत्रिकेत लग्नच सरकायला एवढा फरक पुरतो. कागदावर कुठली वेळ ते लिहिलेलं नसेल तर जन्म कुठे झाला आणि वेळ कुणी टिपली ते विचारा. रेल्वेच्या वसाहतीतली नोंद प्रमाणवेळेची असण्याची शक्यता जास्त, शहरातल्या घरी झालेल्या बाळंतपणाची मुंबई टाइमची. बापाने वहीत ‘सूर्योदयानंतर इतक्या घटिका’ असं लिहिलं असेल तर मात्र काम सोपं होतं: एक घटिका २४ मिनिटांची, आणि त्या तारखेचा त्या गावचा सूर्योदय आजही गणिताने काढता येतो.